लॉ कॉलेजच्या पहिल्या बॅचचा मेळावा कसा भरवावा

गेल्या जानेवारीत आम्ही आमच्या लॉ कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा भरवला आणि त्यात पहिल्या बॅचचा सत्कार केला. कॉलेज जिल्ह्याच्या गावचं, पन्नाशी ओलांडलेलं. मी त्याच कॉलेजातून पाच वर्षांचा कोर्स केला, आता दिवाणी कोर्टात प्रॅक्टिस करते. ‘तू तरुण आहेस, तूच बघ’ असं म्हणत ज्येष्ठांनी सचिवपद माझ्या गळ्यात घातलं तेव्हा मी पंचेचाळीस वर्षांची होते. वकिलीत हे वय तरुणच धरतात.

मेळावा झाल्यावर आजूबाजूच्या जिल्ह्यांतून ‘तुम्ही कसं केलं?’ म्हणून फोन यायला लागले. प्रत्येकाला तेच तेच सांगून दमले, म्हणून एकदाच लिहून टाकते. आम्ही जिथे जिथे आपटलो, ते आधी सांगेन.

एक गोष्ट सुरुवातीलाच. मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय १८५५ चं, पुण्याचं आयएलएस लॉ कॉलेज १९२४ चं. आयएलएसच्या सुरुवातीच्या पदवीधरांपैकी प्र. बा. गजेंद्रगडकर १९२६ साली एलएल.बी. झाले आणि १९६४ ते १९६६ देशाचे सरन्यायाधीश होते. अशा जुन्या कॉलेजांना पहिल्या बॅचसाठी फार तर भिंतीवर तसबिरी लावता येतात. पण साठ-सत्तरच्या दशकांत तालुक्या-जिल्ह्यांत निघालेल्या लॉ कॉलेजांची पहिली माणसं अजून आहेत. ऐंशीच्या आसपास आहेत, काही त्याच्याही पलीकडे. म्हणून ‘पुढच्या वर्षी हीरकमहोत्सव येतोच आहे, तेव्हा मोठं करू’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. आमच्या यादीतले दोघे तयारीच्या सहा महिन्यांत गेले.

१. पहिली बॅच म्हणजे कोण, हे आधी ठरवा

वाटतं तितकं हे सोपं नाही. आमच्या पहिल्याच बैठकीत दोन तास यावरच गेले, आणि बैठक वकिलांची असल्यामुळे प्रत्येकाने युक्तिवाद केला.

प्रवेश घेतलेली पहिली बॅच, की पदवी मिळालेली? पूर्वी दोन वर्षांनी एलएल.बी. जनरल घेऊन थांबणारे बरेच असत. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, घ्यायची नव्हती, तर तिसरं वर्ष कशाला करा? त्यांना धरायचं का? मधे नापास होऊन पुढच्या बॅचबरोबर पास झालेले कुठल्या बॅचचे? आम्ही असं ठरवलं की पहिल्या वर्षाच्या हजेरीपटावर ज्याचं नाव आहे तो पहिल्या बॅचचा, मग पदवी मिळो न मिळो. हा निर्णय लेखी घ्या आणि मिनिट बुकात नोंदवा. नंतर कुणाचा तरी मुलगा ‘माझ्या वडिलांना का वगळलं?’ म्हणून येतोच.

आणखी एक. पहिली बॅच म्हणजे विशीतली पोरं, असं चित्र डोळ्यासमोर असेल तर ते पुसून टाका. ही कॉलेजं बहुधा संध्याकाळी भरायची, एखाद्या शाळेच्या इमारतीत, कारण शिकवणारे दिवसभर कोर्टात आणि शिकणारे कचेरीत. गावात लॉ कॉलेज निघालं तेव्हा वर्षानुवर्षं वाट बघणारे सगळे एकदम आत शिरले: शाळामास्तर, तलाठी, कोर्टातले कारकून, बँकेतले क्लार्क, चार मुलांचे बाप. आमच्या पहिल्या बॅचमध्ये सर्वांत धाकटा वीस वर्षांचा होता, सर्वांत थोरला एक्केचाळीस. म्हणजे त्यांच्या वयांत एकवीस वर्षांची तफावत आहे, आणि मुख्य म्हणजे त्यांतले निम्म्याहून अधिक कधी वकील झालेच नाहीत. बढतीसाठी पदवी घेतली आणि नोकरीतच निवृत्त झाले. बार रूममध्ये बसून त्यांना शोधायला गेलात तर ते सापडणार नाहीत.

२. कागद गोळा करा

सहा महिने आधी सुरुवात करा. प्राचार्यांना भेटून एक पत्र घ्या की अमुक व्यक्तींना जुनं दप्तर पाहू द्यावं. पत्राशिवाय कार्यालयातले कर्मचारी कपाट उघडत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पाहायचं ते असं:

- जनरल रजिस्टर (पूर्ण नाव, जन्मतारीख, गाव, आधीचं कॉलेज, सगळ्यांत महत्त्वाचं हेच)
- पहिल्या वर्षाचे हजेरीपट, मिळाले तर
- फी पावत्यांची स्थळप्रत आणि दाखल्यांची पुस्तकं
- विद्यापीठाचे निकालपत्रक
- संस्थेची जुनी वार्षिक अहवालपत्रकं आणि मासिकं
- स्नेहसंमेलनाचे फोटो, ज्यांच्या मागे पेन्सिलीने नावं लिहिलेली असतात

इथे एक खड्डा आहे, त्यात आम्ही पडलो. जुने निकाल तुमच्या आताच्या विद्यापीठात असतीलच असं नाही. जळगावकडची कॉलेजं १९९० च्या आधी पुणे विद्यापीठात होती, नांदेड-लातूरची १९९४ पर्यंत मराठवाडा विद्यापीठात, सोलापूरची २००४ पर्यंत शिवाजी विद्यापीठात. त्या वेळच्या विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे अर्ज करावा लागतो. आम्ही महिनाभर चुकीच्या दारात उभे होतो.

नावांचा घोळ वेगळाच. रजिस्टरात आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, आणि हस्ताक्षर कारकुनाच्या मर्जीचं. आमच्याकडे एकाच नाव-आडनावाचे दोघे होते, फक्त वडिलांचं नाव वेगळं. त्यांतले एक वारले होते. स्मरणिकेच्या पहिल्या प्रुफात नेमकं हयात असलेल्यांच्या नावामागे ‘कै.’ लागलं. श्रद्धांजलीच्या पानासाठी फोटो मागायला मी घरी फोन केला तर त्यांनी स्वतःच उचलला. मी अडखळत विषय सांगितला. पलीकडे क्षणभर शांतता, मग खणखणीत आवाज आला, “हयातीचा दाखला जोडू का, बाई?” ते हसले म्हणून निभावलं. तुम्ही मात्र पूर्ण नाव, जन्मसाल आणि गाव हे तिन्ही जुळल्याशिवाय ‘कै.’ हे अक्षर टाइप करू नका.

बायकांची नावं हा आणखी एक पेच. आमच्या पहिल्या बॅचमध्ये चारच मुली होत्या, आणि चौघींचीही नावं माहेरची. लग्नानंतर आडनावच काय, काहींचं पाळण्यातलं नावही बदललेलं. रजिस्टरातल्या गावाला जाऊन माहेरच्या भाऊबंदांना विचारणं हाच मार्ग. चौथ्या बाईंचा पत्ता आम्हाला त्यांच्या माहेरच्या गावातल्या किराणा दुकानात मिळाला. दुकानदार त्यांचा पुतण्या निघाला.

३. माणसं शोधा

पहिल्यांदा सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर यादी टाकतात. टाका, पण त्यावर विसंबू नका. ऐंशीच्या माणसांचा फोन नातवाकडे असतो. कामाला आलेले मार्ग सांगते.

सनद घेतलेले असतील तर राज्याच्या बार कौन्सिलच्या यादीत त्यांचं नाव असतं. १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टनुसार प्रत्येक राज्याची बार कौन्सिल वकिलांची यादी ठेवते. आपली महाराष्ट्र आणि गोवा मिळून एकच. जुन्या वकालतनाम्यांवर सनद क्रमांक सापडतो, त्यातच साल असतं. पण यादीतला पत्ता बहुधा सनद घेतानाचा, म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीच्या भाड्याच्या खोलीचा.

त्यापेक्षा वकिलांचे जुने कारकून गाठा. कोर्टाबाहेरचे टायपिस्ट, स्टॅम्प व्हेंडर. कोण कुठे राहायचं, कुणाच्या मुलाने पुण्यात फ्लॅट घेतला, कोण मुलीकडे नाशिकला गेलं, हे सगळं त्यांना तोंडपाठ असतं. आमच्या यादीतली नऊ नावं एका निवृत्त कारकुनाने चहाच्या दोन कपांत सोडवली.

नोकरी करून निवृत्त झालेल्यांसाठी पेन्शनर संघ. नोव्हेंबरात सगळे पेन्शनर हयातीचा दाखला द्यायला बँकेत येतात. त्या महिन्यात बँकेच्या सूचनाफलकावर शाखाधिकाऱ्यांच्या परवानगीने एक साधा कागद लावा: ‘अमुक साली अमुक लॉ कॉलेजात शिकलेल्यांनी या क्रमांकावर कळवावे.’ ही युक्ती आम्हाला उशिरा सुचली, डिसेंबरात. तोवर गर्दी ओसरली होती.

मिळालेली यादी मात्र जपून ठेवा. नाव, पत्ता, वय, मोबाइल आणि ‘एकटे राहतात’ असा शेरा असलेला तक्ता चारशे माणसांच्या ग्रुपवर टाकणं म्हणजे ‘डिजिटल अटक’वाल्या भामट्यांना आयतं गिऱ्हाईक देणं. पूर्ण तक्ता दोघांकडेच असू द्या.

४. पहिला फोन, मग घरी भेट

फोन उचलल्यावर लगेच ‘अमुक साहेब आहेत का?’ असं विचारू नका. पलीकडे त्यांच्या पत्नी असतात आणि उत्तर ‘ते जाऊन दोन वर्षं झाली’ असं येऊ शकतं. आधी आपण कोण, कुठल्या कॉलेजातून, हे सांगा आणि ‘तुमच्या घरी कुणी तिथे शिकलं होतं का?’ असं विचारा. बाकीचं त्या सांगतात. गेलेल्यांच्या घरच्यांनाही मेळाव्याला बोलवायचं, हे त्याच फोनवर सांगा. अशा घरांतून आम्हाला सगळ्यांत जुने फोटो मिळाले.

जे आहेत त्यांच्याकडे जाच. पत्रिका द्यायला जायचं म्हणून नाही, मेळाव्याच्या दोन-अडीच महिने आधी, हातात काही न घेता. तिथे दोन गोष्टी होतात. एक, ते येऊ शकतील का हे दिसतं: जिना उतरतात का, ऐकू येतं का, किती वेळ बसवतं. दुसरी, त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करता येतं. व्यासपीठावर माणूस भाषण करतो. आपल्या खोलीत, आपल्या खुर्चीत तो बोलतो. फोनवर रेकॉर्डिंग चालतं, फक्त पंखा बंद करा आणि घरच्यांसमोर परवानगी विचारा. दुपारी जेवणानंतर जाऊ नका, झोपेची वेळ असते. सकाळी दहा उत्तम.

‘आठवणी सांगा’ असं म्हटलं की सगळे गुरुजनांचे आभार मानतात. त्याऐवजी नेमकं विचारा. फी किती होती आणि कुठून भरली? वर्ग किती वाजता सुटायचा आणि गावी परत कसं जायचे? पहिल्या मुंबई भेटीत हायकोर्टात कुणाला बघितलं? पहिली फी किती मिळाली, रोख की ज्वारी? कुळकायद्याच्या कामांतून किती जणांचं घर चाललं? (हा प्रश्न आमच्या भागात तरी फार बोलता करतो.) आमच्या एका आजोबांनी सांगितलं की ते सहा वाजता कचेरीतून सुटून सायकलने वर्गावर यायचे आणि दिवे गेले की प्राध्यापक अंधारातच करार कायदा शिकवत राहायचे, कारण सरांना कलमं पाठ होती. हे रजिस्टरात कुठे मिळणार?

५. तारीख आणि जागा

वकिलांना कोर्टाच्या दिवशी बोलवू नका. निम्मे ‘बोर्डावर मॅटर आहे’ म्हणून उशिरा येतील, निम्मे येणारच नाहीत. दुसरा किंवा चौथा शनिवार नाहीतर रविवार धरा. मे महिन्याच्या सुट्टीचा मोह होतो, पण बेचाळीस अंशांत ऐंशीच्या माणसाला मंडपात बसवणं म्हणजे गुन्हाच. दिवाळीत लोक मुलांकडे जातात. ३ डिसेंबरच्या वकील दिनाला बार असोसिएशनचे स्वतःचे कार्यक्रम असतात, आणि त्यांच्याशी बरोबरी करायला गेलात तर राजकारण होतं. जानेवारी बरा, पण सकाळची थंडी जाईपर्यंत थांबा. अकरा वाजता.

तारीख पक्की करण्याआधी तीन गोष्टी बघा: विद्यापीठाच्या परीक्षांचं वेळापत्रक (सभागृह परीक्षा केंद्र असतं), लग्नाचे मुहूर्त (गावातला केटरर एकच असतो), आणि निवडणूक येऊ घातली आहे का. आचारसंहिता लागली की मंत्री पाहुणा असेल तर सगळा बेत फिसकटतो.

जागा शक्यतो कॉलेजचीच घ्या, पण तळमजल्याची. आमचं सभागृह दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सगळ्यांना तेच हवं होतं, कारण तिथे संस्थापकांचा पुतळा आहे. आम्ही पुतळ्याला हार घालून आलो आणि कार्यक्रम खाली पार्किंगच्या शेडमध्ये मंडप घालून केला. कमोड असलेलं स्वच्छतागृह पन्नास पावलांच्या आत आहे का, हे स्वतः चालून मोजा.

६. पैसे आणि स्मरणिका

पैशाचं थोडक्यात सांगते. माजी विद्यार्थी संघ नोंदणीकृत असेल (१८६० चा सोसायटी नोंदणी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक न्यास कायदा, दोन्हींखाली) तर त्याच्याच बँक खात्यात पैसे घ्या. नसेल तर कॉलेजच्या खात्यातून व्यवहार करा. कुणाच्याही खासगी यूपीआयवर एक रुपया घेऊ नका, तुमच्याही नाही. पावती पुस्तक, दोन सह्या, शेवटी जमाखर्च सगळ्यांना. देणगीवर करसवलत मिळेल असं आयकर खात्याचं प्रमाणपत्र हातात असल्याशिवाय तोंडातून काढू नका. पहिल्या बॅचकडून वर्गणी घ्यायची नाही, हे न सांगताही कळावं, पण आमच्या बैठकीत ते सांगावं लागलं.

स्मरणिका काढणार असाल तर हे नीट वाचा. बाकी कॉलेजांच्या स्मरणिका जाहिरातींवर निघतात. आपली तशी निघत नाही, कारण बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ प्रमाणे वकिलाला जाहिरात करता येत नाही. ‘जमीन व वारसा दाव्यांचे तज्ज्ञ, अमुक चेंबर’ असं अर्धं पान छापलंत तर मेळाव्याची आठवण म्हणून त्या वकिलाला नोटीस मिळेल. आम्ही वकिलांची वर्गणी फक्त देणगीदारांच्या यादीत दाखवली: नाव, बॅच, बस्स. जाहिराती घेतल्या त्या सराफ, बँक आणि झेरॉक्सवाल्याच्या. प्रुफ तीन वेळा वाचा, आणि तिसऱ्यांदा अशा माणसाकडून वाचून घ्या जो वकील नाही. आपण मजकुरातला अर्थ वाचतो, अक्षरं वाचत नाही.

७. प्रमुख पाहुणे

लॉ कॉलेजच्या कार्यक्रमाला न्यायमूर्ती हवेतच, असा समज आहे. बोलवा, पण नियमाने. हायकोर्टाच्या न्यायमूर्तींना रजिस्ट्रीमार्फत, म्हणजे कोर्टाच्या कार्यालयामार्फत, लेखी विनंती करा. तोंडी होकारावर पत्रिका छापू नका. कुणी कुणाच्या ओळखीचं आहे म्हणून परस्पर फोन करणाऱ्या उत्साही मंडळींना आवरा. गावातल्याच न्यायाधीशांना सत्कारासाठी उभं करताना विचार करा: ज्याच्या गळ्यात ते हार घालणार त्याचा दावा उद्या त्यांच्याच पुढे असेल, तर त्यांनाच अवघडल्यासारखं होतं. निवृत्त न्यायाधीश त्यामानाने सुटसुटीत. तेही बहुधा आपल्याच कुठल्या तरी बॅचचे निघतात.

माझं मत विचाराल तर, पाहुणा नसला तरी चालतं. पाहुणा आला की वेळ त्याच्याभोवती फिरते, आणि पहिल्या रांगेतले वृद्ध तासभर ताटकळतात.

८. मेळाव्याचा दिवस

मेळाव्याच्या दिवशीच्या चुकांसाठी पुन्हा तारीख मागता येत नाही, म्हणून हा भाग जरा सविस्तर.

प्रत्येक ज्येष्ठासाठी एक विद्यार्थी नेमा. तोच गाडी घेऊन घरी जाणार, तोच दिवसभर शेजारी बसणार, तोच परत सोडणार. त्याच्या खिशात घरच्यांचा नंबर, औषधांच्या वेळा आणि पाण्याची बाटली. आमच्याकडच्या पोरांना हे काम शिक्षा वाटलं होतं. संध्याकाळपर्यंत दोघांना ज्युनिअरशिप, म्हणजे वकिलाच्या हाताखाली काम, मिळाली. एक डॉक्टर हजर ठेवा, त्यांना भाषणासाठी बोलवू नका.

व्यासपीठाला पायऱ्या असतात आणि पायऱ्यांना कठडा नसतो. म्हणून ज्येष्ठांना वर चढवू नका, सत्कार करणाऱ्यांना खाली उतरवा. शाल खांद्यावर घाला, श्रीफळ हातात देऊ नका. नारळ जड असतो आणि एका हातात काठी असते. ते पिशवीत घालून विद्यार्थ्याकडे द्या. फेटे बांधायचा आग्रह आम्ही मोडून काढला, तासभर फेटा बांधून बसलं की डोकं दुखतं. मानपत्र वाचायचं असेल तर सगळ्यांचं मिळून एकच. बारा मानपत्रं वाचली तर जेवायला चार वाजतील.

आता क्रम. आधी कोण, यावर भांडण अटळ आहे. जिल्हा न्यायाधीश झालेले आधी, की वयाने थोरले, की सनदेने ज्येष्ठ? वकिलांना सनदेच्या ज्येष्ठतेचं किती असतं ते तुम्हाला माहीत आहे. आम्ही सगळ्या वादावर एकच तोडगा काढला: पहिल्या वर्षाचा हजेरीपट. त्यातल्या क्रमांकाप्रमाणेच नावं घ्यायची. आणि नावं घ्यायला आम्ही कोर्टातून निवृत्त झालेले एक पट्टेवाले बोलावले. त्यांनी पुकारा केला, अगदी कोर्टाच्या दारात करतात तसा, आडनावापासून सुरू करून शेवटचं अक्षर लांबवत. क्रमांक एक. मागच्या रांगेतून उत्तर आलं, “हजर!” सगळा मंडप हसला. क्रमांक दोन शाळामास्तर होते, ते सवयीने उभे राहून “उपस्थित” म्हणाले. क्रमांक पाच गेलेले. त्यांचं काय करायचं हे आम्ही आधी ठरवून ठेवलं होतं: नाव घ्यायचंच, आणि घरचं कुणी आलं असेल तर त्याने उभं राहायचं. पाचच्या पुकाऱ्याला एक नात उठली, काळा कोट घातलेली, त्याच वर्षी सनद मिळालेली. तिने काय म्हणायचं हे आम्ही सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, “त्यांच्या वतीने हजर.”

यासाठी हजेरीपट मूळचा हवा, झेरॉक्स नको. ते जाड बांधणीचं, कडा कुरतडलेलं पुस्तक टेबलावर उघडं ठेवा. कार्यक्रम संपल्यावर सगळे आपापलं नाव बोटाने शोधायला त्यावर वाकतात, म्हणून शेजारी एक भिंग आणि एक पहारेकरी ठेवा.

त्याच टेबलाशेजारी आम्ही एक छोटं प्रदर्शन मांडलं होतं, खर्च शून्य. १८९८ चा फौजदारी प्रक्रिया कायदा, १९७३ चा, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, तिन्ही पुस्तकं ओळीने. आमची पहिली बॅच १९७१ साली बाहेर पडली; म्हणजे ती जुन्यावर शिकली, नवा १ एप्रिल १९७४ ला आला त्यावर जन्मभर लढली, आणि आता तिसरा बघते आहे. एका आजोबांनी पहिलं पुस्तक उचललं, न उघडता ‘चारशे अठ्ठ्याऐंशी’ म्हणाले. पोटगीचं जुनं कलम. शेजारच्या विद्यार्थिनीने ‘सर, आता ते एकशे चव्वेचाळीस’ असं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “एकशे चव्वेचाळीस म्हणजे जमावबंदी, बाळ.” मग दोघांचं बराच वेळ चाललं होतं.

भाषणं. वकिलाला पाच मिनिटं दिली तर तो पाच मिनिटं ‘मी जास्त वेळ घेणार नाही’ हेच सांगतो. मनोगतांऐवजी मुलाखत ठेवा: एक विद्यार्थी, तीन ज्येष्ठ, आधी घरी ऐकलेल्या गोष्टींवर प्रश्न. कॉर्डलेस माइक विद्यार्थ्याने धरायचा, ज्येष्ठांच्या हातात द्यायचा नाही. दिला की परत मिळत नाही.

जेवण साडेबाराला, कार्यक्रम अर्धवट थांबवून. मधुमेहाच्या गोळ्या घेतलेली माणसं दोनपर्यंत थांबू शकत नाहीत. बुफे ज्येष्ठांसाठी नाही, त्यांना जागेवर वाढा. मऊ भात, वरण, कमी तिखटाची भाजी. बाकीच्यांना काय हवं ते द्या.

कॉलेजची माणसं फोटोंसाठी मागे लागतील, कारण नॅकच्या (कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेच्या) मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाचा स्वतंत्र मुद्दा असतो. द्या त्यांना फोटो. फक्त फ्लेक्सच्या खाली उभं करून वृद्धांना दहा-दहा वेळा ‘इकडे बघा’ करू नका.

९. दुसऱ्या दिवशीपासून

इथे सगळे ढिले पडतात. आठवडाभरात एवढं करा: प्रत्येक ज्येष्ठाला छापील फोटो पाकिटातून घरी, ते व्हॉट्सअ‍ॅपवर बघत नाहीत. न आलेल्यांकडे शाल घेऊन दोघांनी जा. आमच्यातले तिघे अंथरुणाला खिळलेले होते, आणि त्यांच्या घरचा सत्कार मंडपातल्यापेक्षा जास्त वेळ चालला. रेकॉर्डिंगच्या दोन प्रती करा, एक ग्रंथालयाला, एक घरच्यांना. जमाखर्च तपासून घ्या. शोधाशोधीत जुळवलेली नावं, बदललेली आडनावं, आताचे पत्ते एका नव्या वहीत लिहून प्राचार्यांच्या सहीने ग्रंथालयात ठेवा. जुन्या रजिस्टरात मात्र पेन लावू नका.

आणि प्रदर्शनासाठी घेतलेले मूळ फोटो परत करा, ज्याचे त्याला, पोच घेऊन. आम्ही एक फोटो चुकून दुसऱ्याच घरी दिला. चौथ्या दिवशी मला रजिस्टर पोस्टाने रीतसर नोटीस आली, पंधरा दिवसांच्या मुदतीची, खाली सही हजेरीपटातल्या क्रमांक सातची. फोटो घेऊन गेले तेव्हा त्यांनी आधी चहा दिला, मग नोटिशीच्या मसुद्यात मला काही उणीव दिसली का, ते विचारलं.